चार प्रोजेक्टर, एक चित्र आणि न दिसणारा सांधा

प्रश्न : आम्ही लुसैलमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी मेट्रोने दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो होतो. तिथल्या वाकलेल्या, कललेल्या भिंतींवर समुद्र आणि वाळवंटाची प्रचंड चित्रं सरकत होती. वर पाहिलं तर प्रोजेक्टर एक नव्हे, बरेच. मुलीने विचारलं, “बाबा, एकाचं चित्र कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं?” मी भिंतीजवळ जाऊन पाहिलं, सांधा सापडला नाही. नंतर आमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी आम्ही दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी लावले, तर मध्ये पांढरट पट्टा आला. सॉफ्टवेअरमध्ये कडा फिकट करण्याची सोय होती, ती वापरली तर पट्टा काळपट झाला. संग्रहालयात जमतं ते आम्हाला का जमत नाही? हे फक्त महागड्या यंत्रांचं काम आहे का?
– एक वाचक, लुसैल, कतार

उत्तर : तुमच्या पत्रात बरेच प्रश्न एकात एक गुंतले आहेत, म्हणून ते सुटे करून एकेकाचं उत्तर देतो. आधी सार सांगतो. अशा ठिकाणी दोन प्रोजेक्टरांची चित्रं कडेला कड लावून जोडत नाहीत. ती मुद्दाम एकमेकांवर चढवतात आणि चढलेल्या भागातला उजेड दोघांत अशा बेताने वाटतात की त्याची बेरीज कुठेही वाढत नाही आणि घटतही नाही. या कामाला व्यवसायात एज ब्लेंडिंग किंवा नुसतं ब्लेंडिंग म्हणतात. तुमचा पांढरा पट्टा वाटणी न केल्यामुळे आला, काळपट पट्टा वाटणीचा हिशेब चुकल्यामुळे. महागडी यंत्रं काम सोपं करतात हे खरं, पण हा हिशेब समजला तर साध्या यंत्रांवरही बरंच साधतं.

कडेला कड लावून का भागत नाही?

तुमच्या कार्यक्रमाचंच उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येक प्रोजेक्टरचं चित्र 3 मीटर रुंद आहे आणि त्यात आडवे 1920 पिक्सेल आहेत. म्हणजे पडद्यावर एक पिक्सेल साधारण दीड मिलिमीटरचा झाला. आता दोन चित्रं तंतोतंत भिडवायची, तर दोन्ही प्रोजेक्टर दीड मिलिमीटरच्या आत जागेवर राहायला हवेत. मध्ये एका पिक्सेलची फट राहिली की काळी रेघ, एक पिक्सेल चढला की पांढरी रेघ. उभी सरळ रेघ पकडण्यात माणसाचा डोळा फार तरबेज आहे. शिवाय प्रोजेक्टर तापतो तशी लेन्स किंचित सरकते, मंचावर कोणी चाललं की स्टँड हलतो. पहिल्या पाच मिनिटांत जुळलेली कड मध्यंतरापर्यंत टिकत नाही.

म्हणून जाणकार मंडळी उलट्या बाजूने जातात. रेघ बारीक करण्याच्या मागे न लागता ती रुंद करतात, एवढी रुंद की रेघ उरतच नाही. चित्राच्या रुंदीचा 10 ते 20 टक्के भाग एकमेकांवर चढवला जातो. वरच्या उदाहरणात एक षष्ठांश, म्हणजे 320 पिक्सेल चढवले, तर पडद्यावर अर्ध्या मीटरचा सामाईक पट्टा मिळतो. या पट्ट्यात डाव्या प्रोजेक्टरचे शेवटचे 320 स्तंभ आणि उजव्याचे पहिले 320 स्तंभ अगदी तेच चित्र दाखवतात. एकूण चित्र 6 मीटरचं होत नाही, साडेपाच मीटरचं होतं. पिक्सेलही 3840 मिळत नाहीत, 3520 मिळतात. दोन प्रोजेक्टर म्हणजे दुप्पट रुंदी असं गृहीत धरून चित्रफीत बनवली, तर मधली अक्षरं दोनदा उमटतात किंवा ताणली जातात. बहुतेकांचं पहिलं पाऊल इथेच चुकतं.

मग कडा फिकट केल्यावर पट्टा काळपट का झाला?

हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न. सामाईक पट्ट्यात दोन्ही यंत्रांचा उजेड पडतो, म्हणून तो दुप्पट उजळ दिसतो. उपाय उघड वाटतो : डाव्या प्रोजेक्टरला त्या पट्ट्यात 100 टक्क्यांवरून हळूहळू शून्यावर उतरवायचं आणि उजव्याला शून्यावरून 100 वर चढवायचं. पट्ट्याच्या मधोमध दोघेही 50 टक्के, बेरीज 100. कागदावर हिशेब चोख आहे, पण पडद्यावर मधोमध अंधारतं.

कारण असं की संगणक प्रोजेक्टरला पाठवतो तो आकडा आणि भिंतीवर पडतो तो उजेड एका प्रमाणात नसतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीपासून चालत आलेली रीत अशी की आकड्याचा साधारण 2.2 वा घात म्हणजे उजेड. या संबंधाला गॅमा म्हणतात. ही रीत टिकली, कारण ती डोळ्याच्या स्वभावाला धरून आहे. अंधाऱ्या छटांमधले फरक डोळा बारकाईने टिपतो, म्हणून उपलब्ध आकड्यांचा मोठा वाटा त्या छटांना दिलेला असतो. त्यामुळे 50 टक्के आकडा पाठवला की भिंतीवर पूर्ण उजेडाच्या जेमतेम 22 टक्के उजेड पडतो. दोन प्रोजेक्टरांचे मिळून 44. अपेक्षा शंभराची, हाती निम्म्याहून कमी. तुमचा काळपट पट्टा तो हाच.

तेव्हा वाटणी उजेडाची करायची आणि आकडे त्यावरून काढायचे. मधोमध प्रत्येकाने निम्मा उजेड द्यायचा असेल, तर आकडा सुमारे 73 टक्के हवा. पट्ट्याच्या पाव अंतरावर डाव्याने 75 आणि उजव्याने 25 टक्के उजेड द्यायचा असेल, तर आकडे साधारण 88 आणि 53 येतात. त्यांची बेरीज 141 होते, याने दचकू नका. बेरीज उजेडाची 100 व्हायला हवी आणि ती होते. ब्लेंडिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गॅमा नावाची पट्टी असते ती यासाठीच. पडद्यावर एकसारखा करडा रंग सोडायचा आणि मधला पट्टा नाहीसा होईपर्यंत ती पट्टी सरकवायची. काळपट दिसला तर एका बाजूला, पांढरट दिसला तर दुसऱ्या बाजूला. एकाच करड्यावर समाधान मानू नका. गडद, मध्यम आणि फिकट अशा तिन्ही करड्यांवर पट्टा दिसेनासा झाला, तरच हिशेब बसला असं समजा.

यात आणखी एक खुबी आहे. उतार सरळ रेषेत ठेवला, तर बेरीज बरोबर असूनही पट्टा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे पुसट उभ्या रेघा भासतात. उजेडाच्या चढउताराला अचानक वळण मिळालं की डोळा तिथे नसलेली रेघ पाहतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये हा दृष्टिभ्रम मांडला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. म्हणून उतार सुरुवातीला मंद, मध्ये वेगाने आणि शेवटी पुन्हा मंद असा वळणदार ठेवतात. भौतिकशास्त्राचा हिशेब पुरा झाला तरी डोळ्याचा हिशेब बाकी असतो, हे या कामात पावलोपावली जाणवतं.

उजळ दृश्यात सांधा दिसत नाही, रात्रीच्या दृश्यात का दिसतो?

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात की मुद्दाम अंधारी दृश्यं बघा. ब्लेंडिंगची खरी परीक्षा तिथे असते. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. काळं दाखवायचं म्हणजे उजेड अडवायचा आणि तो पूर्ण अडत नाही. 20,000 लुमेन इतका उजेड देणारा प्रोजेक्टर असेल आणि त्याचं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या दृश्यातल्या उजेडाचं, प्रमाण 2000 ला 1 असेल, तर पूर्ण काळ्या दृश्यातही 10 लुमेन गळतात. सामाईक पट्ट्यात ही गळती दुप्पट होते. वर दोन आणि खाली दोन असे चार प्रोजेक्टर लावले, तर चौघे जिथे भेटतात तिथे चौपट. कडा फिकट करून यावर इलाज होत नाही, कारण मुळात शून्य पाठवलेलं असतानाच हा उजेड गळतो. शून्याच्या खाली उतरता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, बाकीचं सगळं चित्र किंचित उजळायचं, म्हणजे काळा रंग सर्वत्र सारखाच करडा होईल. पट्टा जातो, पण चित्राचा काळेपणा थोडा गमवावा लागतो. दुसरा उपाय यंत्राबाहेरचा. लेन्सपुढे, थोड्या अंतरावर, कातरलेल्या कडेचा पत्रा किंवा कडेकडे गडद होत जाणारी काच बसवायची. ती गळणारा उजेडही कापते. लेन्सच्या इतक्या जवळची कड पडद्यावर आपोआप धूसर पडते आणि उतार मिळतो.

तारांगणांना हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो, कारण त्यांचं बहुतेक चित्र काळं आकाशच असतं. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण 1977 मध्ये सुरू झालं, तेव्हा घुमटाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या यंत्रातून तारे उमटत. त्या पद्धतीत उजेड फक्त ताऱ्यांच्या जागी पडतो, बाकीचं आकाश काळं राहतं. 2003 मध्ये तिथे डिजिटल यंत्रणा आली. डिजिटल तारांगणात अख्ख्या घुमटावर हवं ते चित्र उमटवता येतं, पण काळेपणासाठी झगडावं लागतं. अनेक प्रोजेक्टर वापरणाऱ्या घुमटांत तर प्रत्येक सामाईक पट्ट्याची गळती सांभाळावी लागते. तुमच्या मेट्रोच्या रेड लाइनवरच कटारा स्टेशन आहे आणि तिथल्या सांस्कृतिक ग्रामात अल् थुराया तारांगण आहे. मुलीला घेऊन जा आणि आकाश किती काळं दिसतं हे तिला पाहायला सांगा. त्या एका निरीक्षणातून तिला प्रोजेक्टरची मर्यादा पुस्तकाशिवाय कळेल.

भिंतच वाकडी असेल तर चित्र सरळ कसं दिसतं?

कतारचं राष्ट्रीय संग्रहालय 28 मार्च 2019 रोजी खुलं झालं. फ्रेंच वास्तुकार ज्याँ नूव्हेल यांनी त्याची रचना वाळवंटात मिळणाऱ्या ‘डेझर्ट रोझ’ या स्फटिकावरून केली. मोठमोठ्या तबकड्या एकमेकींत घुसल्या आहेत असं ते दिसतं. त्यामुळे आत सरळ उभी भिंत सापडणं कठीण. इथल्या भिंतींसाठी खास चित्रफिती बनवून घेतल्या. मीरा नायर यांची मोती काढणाऱ्या पाणबुड्यांवरची ‘नफस’ ही त्यांतलीच एक. भिंत लांबलचक, वाकलेली आणि कललेली असली की एका प्रोजेक्टरचा आवाका अपुरा पडतो, आणि अनेक लावले की प्रत्येकाचं चित्र वेगळ्या तऱ्हेने वेडंवाकडं पडतं.

म्हणून चित्र फेकण्याआधीच ते उलट्या बाजूने वाकवतात. भिंत जिथे ताणणार, तिथे आधीच आकसून ठेवतात. याला वॉर्पिंग म्हणतात. चित्रावर जाळी कल्पून तिचा प्रत्येक बिंदू हाताने ओढत नेता येतो आणि लहान कामात तसंच करतात. पण दहावीस प्रोजेक्टर असतील, तर हे काम कॅमेऱ्याला सांगणं शहाणपणाचं.

कॅमेऱ्याची पद्धत अशी. प्रोजेक्टर भिंतीवर एकामागून एक काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे नमुने टाकतो. पहिल्यात अर्धी भिंत काळी, अर्धी पांढरी, मग पट्ट्या बारीक होत जातात. भिंतीवरचा प्रत्येक ठिपका कधी उजळला आणि कधी विझला याची नोंद कॅमेरा ठेवतो. त्या नोंदीवरून तो ठिपका प्रोजेक्टरच्या कितव्या स्तंभाचा, हे कळतं. 1920 स्तंभ ओळखायला असे फक्त 11 नमुने पुरतात, कारण 2 चा 11 वा घात 2048 होतो. आडव्या 1200 ओळींसाठी आणखी 11. या 22 नमुन्यांत कॅमेऱ्याला प्रत्येक पिक्सेलचा पत्ता मिळतो. प्रत्येक प्रोजेक्टरची अशी नोंद झाली की कोण कोणावर किती चढला, भिंत कुठे वाकली आणि उजेडाची वाटणी कुठे कशी करायची, हे सगळं संगणक मोजून काढतो.

या विद्येच्या पायाभरणीत एका मराठी माणसाचा मोठा हात आहे आणि तो आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत शिकले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संशोधनाला गेले. 1998 मध्ये त्यांनी ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासोबत जपानमधल्या गिफू इथल्या परिषदेत एक निबंध मांडला. विषय नेमका तुमच्या प्रश्नाचाच होता : एकमेकांवर चढलेली प्रोजेक्टरांची चित्रं वाकवून आणि त्यांचा उजेड वाटून बिनसांध्याचं एक चित्र कसं करायचं. तोवर अशा मांडणीत प्रोजेक्टर काटेकोरपणे बसवायचे आणि पडदाही ठरावीक आकाराचाच हवा, अशी अट असे. रासकर आणि सहकाऱ्यांनी विचार उलटा केला. प्रोजेक्टर अंदाजाने ठेवा, पडदा कसाही असू द्या; कॅमेरा मोजेल आणि संगणक जुळवेल. त्याच वर्षी ‘ऑफिस ऑफ द फ्यूचर’ या त्यांच्या प्रकल्पात खोलीच्या साध्या भिंतीच पडदा करण्याची कल्पना मांडली गेली. पुढे मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत काम करताना 2003 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आपणहून एकमेकांशी जुळवून घेणारे प्रोजेक्टर दाखवले. नंतर ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि एकूण संशोधनासाठी 2016 मध्ये त्यांना 5 लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. आज कुठलंही प्रोजेक्शन मॅपिंगचं काम कॅमेऱ्याने जुळवलं जातं, तेव्हा त्यामागे या पिढीच्या संशोधकांची मेहनत असते.

रंग आणि पडद्याचं काय?

एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले दोन प्रोजेक्टरही पांढरा रंग सारखा दाखवत नाहीत. एकाचा पांढरा किंचित निळसर, दुसऱ्याचा पिवळसर. दिव्यांचं वय वेगळं असेल, तर फरक आणखी वाढतो. त्यामुळे जुळवणी नेहमी सर्वांत दुबळ्या यंत्राला धरून करतात. मागे पडलेल्याला पुढे ढकलता येत नाही, पुढे असलेल्याला मागे घेता येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अदिती मजुमदार यांनी यात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. सगळा पडदा काटेकोरपणे एकसारखा करायला गेलं, तर सगळ्यांना सर्वांत अंधुक कोपऱ्याएवढं अंधुक व्हावं लागतं. त्यापेक्षा डोळ्याला कळणार नाही इतक्या सावकाश उजेड बदलू दिला, तर चित्र एकसंध दिसतं आणि प्रखरताही टिकते.

पडदा मात्र साधाच हवा. चकाकणारा, चंदेरी किंवा ‘हाय गेन’ म्हणून विकला जाणारा पडदा ब्लेंडिंगचा शत्रू आहे. तो उजेड ठरावीक दिशेला जास्त परतवतो. मधल्या खुर्चीवरून चित्र एकसंध दिसेल, पण डावीकडे बसलेल्याला एक प्रोजेक्टर उजळ आणि दुसरा मंद दिसेल. सगळीकडे सारखा उजेड पसरवणारा मॅट पांढरा पडदा किंवा साध्या पांढऱ्या रंगाची भिंत उत्तम.

संगणक नव्हते तेव्हा हे कोणी करत होतं का?

हो, आणि त्यातला एक धागा कल्याणचा आहे. 1890 च्या दशकात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेली पौराणिक कथांची चित्रं, एकापेक्षा जास्त कंदील, आणि सगळ्यांचा रोख एकाच पडद्याकडे. कंदिलांच्या खेळातली मूळ युक्ती अशी की एका कंदिलाचा उजेड मंद करत न्यायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याचा वाढवायचा. तोल साधला, तर पडदा मध्ये अंधारत नाही आणि भपकन उजळतही नाही, एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं. कंदीलवाले ही वाटणी काळात करत होते, आजचं ब्लेंडिंग तीच वाटणी जागेत करतं. डाव्या प्रोजेक्टरकडून उजव्याकडे सरकत जाताना एकाचा उजेड उतरतो आणि दुसऱ्याचा चढतो, तत्त्व तेच. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून आपण फाळक्यांचं नाव घेतो, ते योग्यच. पण त्यांच्या आधी अनेक कंदिलांचा उजेड एका पडद्यावर सांभाळणारी माणसं आपल्याकडे होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

जागेतल्या वाटणीचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयोग अमेरिकेतल्या सिनेरामाचा. फ्रेड वॉलर यांची ही पद्धत 30 सप्टेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कमध्ये लोकांपुढे आली. तीन प्रोजेक्टर, तीन फिल्म्स आणि 146 अंशांचा वाकलेला पडदा. दोन चित्रांच्या सांध्यावर ते काय करत, हे पाहण्यासारखं आहे. फिल्मच्या कडेला फणीसारखे दाते असलेली छोटी पट्टी बसवलेली असे आणि ती वेगाने वरखाली हलत राही. दात्यांमुळे कडेचा काही उजेड अडे, हलण्यामुळे दाते स्वतः दिसत नसत आणि कड धूसर होई. आज सॉफ्टवेअरमधली एक वक्ररेषा करते ते काम तेव्हा हलणारी फणी करत होती. तरीही निरभ्र आकाशाच्या दृश्यात सांधे दिसत, म्हणून छायाचित्रकार सांध्याच्या जागी झाड, खांब किंवा घराचा कोपरा येईल अशी चौकट बांधत. ही शेवटची युक्ती तुमच्या मंडळालाही उपयोगी पडेल.

इथे जिकडेतिकडे एलईडी पडदे असताना प्रोजेक्टर हवेतच कशाला?

एलईडी पडदा स्वतः एक वस्तू आहे. तो भिंतीसमोर उभा करावा लागतो आणि भिंत झाकतो. भर उन्हात, झगझगीत रस्त्यावर त्याला तोड नाही. प्रोजेक्टरचं मोल वेगळं आहे : तो भिंतीला हात न लावता तिच्यावर चित्र उमटवतो आणि बंद केला की भिंत जशीच्या तशी राहते. संग्रहालयाच्या वाकड्या भिंती, तारांगणाचा घुमट, जुन्या वाड्याचा दर्शनी भाग अशा ठिकाणी हाच पर्याय योग्य ठरतो.

उघड्यावर मात्र कतारचं हवामान कसोटी पाहतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि तापलेला प्रोजेक्टर स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतो किंवा बंद पडतो, म्हणून त्याला थंड हवेच्या पेटीत ठेवतात. धूळ लेन्सवर बसते. प्रोजेक्टर ज्यावर बसवतात तो मनोरा दिवसा तापतो, रात्री निवतो आणि किंचित वळतो. 40 मीटरवरून चित्र फेकणारा प्रोजेक्टर एका अंशाचा फक्त शंभरावा भाग हलला, तरी भिंतीवर चित्र 7 मिलिमीटर सरकतं. संध्याकाळी जुळवलेलं चित्र मध्यरात्री पुन्हा तपासावं लागतं ते यामुळे.

आमच्या कार्यक्रमासाठी आम्ही नेमकं काय करावं?

क्रम पाळा. बहुतेकांची फसगत क्रम उलटा केल्यामुळे होते.

पहिलं, दोन्ही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे घ्या आणि दिव्याचे तास जवळपास सारखे आहेत का ते मेनूमध्ये बघा. ‘डायनॅमिक’, ‘ऑटो आयरिस’, ‘ऑटो ब्राइटनेस’ अशा सगळ्या आपोआप चालणाऱ्या सोयी बंद करा. त्या चालू असतील, तर प्रत्येक दृश्यागणिक यंत्र उजेड बदलेल आणि तुमचा सगळा हिशेब विस्कटेल. दोन्हींमध्ये रंगाची आणि गॅमाची तीच निवड ठेवा.

दुसरं, दोन्ही यंत्रं अर्धा तास तापू द्या, मगच जुळवणीला हात घाला. तिसरं, भूमिती आधी. चौकटींची जाळी पडद्यावर टाका आणि सामाईक पट्ट्यात दोन्ही जाळ्यांच्या रेघा एकावर एक बसेपर्यंत यंत्रं हलवा. शक्यतो यंत्र सरळ ठेवूनच जुळवा, कीस्टोनवर, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र यंत्राच्या आतच सरळ करणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. उरलेलं वॉर्पिंगने करा. रेघा जुळल्याशिवाय ब्लेंडिंग चालू करू नका.

चौथं, पांढरा रंग जुळवा. पाचवं, आता ब्लेंडिंग. ‘रेझोल्यूम अरीना’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयार मिळते. सामाईक पट्ट्याची रुंदी पिक्सेलमध्ये नेमकी द्या, मग तीन करड्यांवर गॅमा बसवा. सहावं, दोन्ही प्रोजेक्टरांना चित्र एकाच संगणकाच्या एकाच ग्राफिक्स कार्डातून द्या. दोन लॅपटॉप वापरले, तर एक दुसऱ्याच्या मागे पडतो आणि पळणारी वस्तू सांध्यावर तुटते. सातवं, चित्रफीत बनवतानाच नावं, चेहरे आणि देवाची मूर्ती सामाईक पट्ट्यात येणार नाही असं बघा. अगदी अंधारी दृश्यं टाळा, कारण साध्या प्रोजेक्टरांची गळती तिथे उघडी पडते.

हे सगळं करूनही पट्टा पूर्ण नाहीसा झाला नाही, तर निराश होऊ नका. पहिल्या रांगेतून जाणवणारा पट्टा पाचव्या रांगेतून आणि हलत्या चित्रात सहसा दिसत नाही.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : यंत्रं महाग असली तर मदत होते, पण सांधा नाहीसा होतो तो उजेडाचा हिशेब जुळल्यामुळे. तो हिशेब दोन साध्या प्रोजेक्टरांवर, एका पांढऱ्या भिंतीवर आणि एका मोकळ्या संध्याकाळी शिकता येतो. मंडळातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना यात जरूर घ्या. त्यांना घातांक शाळेत शिकवतात, इथे तो भिंतीवर दिसेल. आणि हे काम कार्यक्रमाच्या दिवशी करू नका, निदान एक दिवस आधी सभागृह मिळवा.